सोबत पाहणारा

हिराजीभाऊ मोकलांबद्दल काही सांगायचं म्हणजे सोबत एक साक्षीदार हवा, नाहीतर खुद्द त्यांनीच ते मानलं नसतं. माझ्याकडे साक्षीदार नाही. शिवाय मी पडले गोंधळी स्वभावाची. इतकी वर्षं शाळेत भूगोल शिकवतेय, पण एसटी स्टँडच्या बाहेर आलं की डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे मला आजही क्षणभर थांबून आठवावं लागतं. तेव्हा यातलं काय मी डोळ्यांनी पाहिलं, काय ऐकलं आणि काय मागाहून मनानं घातलं, याची हमी मागू नका.

आमची ओळख झाली ती बाईंमुळे. बाई म्हणजे रेडिओवरच्या बाई. फार वर्षांपूर्वी दुपारी त्यांचा एक कार्यक्रम लागायचा आणि आम्ही सगळे त्या आवाजाचे भक्त. कार्यक्रमात गाणीबिणी काही नसायची. श्रोत्यांची पत्रं बाई वाचायच्या, बस्स. आधी साध्या बातम्या: कुणाच्या गाईला कालवड झाली, कुणाची विहिरीत पडलेली बांगडी उन्हाळ्यात पाणी आटल्यावर सापडली, कुणाचा नवरा पहिल्यांदाच भाजीला मीठ बरोबर पडलं म्हणाला. आणि शेवटी एक नवल. नवल म्हणजे निसर्गात क्वचित दिसणारी गोष्ट. कुणाच्या बांबूच्या बेटाला फुलोरा आला, कुणी दुहेरी इंद्रधनुष्य पाहिलं. पण नवलासाठी बाईंचा एक कडक नियम होता. पत्राखाली दोन सह्या हव्यात, पाहणाऱ्याची आणि सोबत पाहणाऱ्याची. “एकट्यानं पाहिलं ते मनातलं, दोघांनी पाहिलं ते नवल,” असं त्या दर वेळी म्हणायच्या, आणि आमच्या घरी आई पोळ्या लाटता लाटता त्यांच्यासोबत तेच म्हणायची.

कार्यक्रम बंद झाला, बाई निवृत्त होऊन पुण्याला भाचीकडे राहायला गेल्या, आणि आम्ही पोरके झालो. मग कधीतरी जुन्या पनवेलच्या शिंत्रे काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आमचा ग्रुप काढला. काका निवृत्त पोस्टमास्तर, त्यामुळे नियम म्हणजे जीव की प्राण. रोज प्रत्येकानं एक साधी बातमी टाकायची, तीही स्वतःच्या घरातली आणि आजची. सुविचार, फुलांचे फोटो, पुढे ढकललेले निरोप बंद. नवल दिसलं तर सोबत पाहणाऱ्यासकट टाकायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी वडाळे तलावाजवळ काकांच्या घरी जमायचं, काका त्यातलं निवडक कागदावर उतरवून काढत, नवलाखाली पाहणाऱ्यांनी पेनानं सह्या करायच्या, चहा प्यायचा, आणि तो लिफाफा पोस्टानं बाईंकडे जायचा. भाची त्यांना वाचून दाखवायची. बाईंचं वय नव्वदीकडे गेलेलं, माणसं ओळखू येईनाशी झालेली, पण पत्रं ऐकताना म्हणे ताठ बसायच्या.

या ग्रुपवर हिराजीभाऊ लिहायचे नाहीत, बोलायचे. बरोब्बर एक वाजता त्यांचा आवाज यायचा. आधी खाकरणं, मग, “ऐका. साधी बातमी. आज बिल्डिंगची लिफ्ट चालू झाली. मी जिन्यानीच आलो.” झालं, संपलं. दुसऱ्या दिवशी, “साधी बातमी. सुनेनं वालाचं बिरडं केलं. वाल आमच्याकडचा नव्हता, पन बोललो नाय.” एकदा नुसतंच, “साधी बातमी. आज काय झालं नाय. बरं वाटलं.” मी वर्गातून बाहेर आले की आधी तो आवाज ऐकायची. नवऱ्याचा फोन मागाहून.

माणूस उंच आणि सुकलेल्या बोंबलासारखा सडपातळ. पांढरा हाफ शर्ट, खिशाला पेन, आणि बारा महिने हातात काळी छत्री. ती छत्री त्यांनी उघडलेली मी फारशी पाहिली नाही. पावसात भिजायचे आणि उन्हात तापायचे. “उगरली का वरचं दिसत नाय,” हे त्यांचं स्पष्टीकरण. घराणं उलव्याकडच्या खाडीकाठचं, मिठागरावर राबणारं. गाव विमानतळात गेलं आणि बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर करंजाड्याला बिल्डिंग उभी राहिली, तिच्यात तिसऱ्या मजल्यावर हे राहायचे. नोकरी मात्र सगळी कळंबोलीच्या लोखंड बाजारात झाली, वजनकाट्यावर. ट्रक काट्यावर चढवायचा, आकडा बघायचा, पावती फाडायची. खिडकीत रेडिओ. तीसेक वर्षं हेच केल्यामुळे त्यांचं बोलणंही काट्याचं झालं होतं. कुणी बढाई मारायला लागलं की म्हणायचे, “चढवा काट्यावर.” आणि एखादी गोष्ट पटली की पावतीवर शिक्का मारल्यासारखे एकच शब्द बोलायचे: “बराबर.”

त्या काट्यावरच ते साक्षीदार पकडायचे. एकदा पुणे रस्त्यावर दुहेरी इंद्रधनुष्य दिसलं, तर यांनी एका सरदारजी ड्रायव्हरला ट्रकमधून उतरवून वर बघायला लावलं आणि पत्रावर त्याची सही घेतली, गुरुमुखीत. बाईंना ती वाचता येईना. त्यांनी म्हणे रेडिओवर सांगितलं, “सोबत पाहणाऱ्यांची सही मला वाचता येत नाही, पण अक्षर खात्रीचं आहे.” हे सांगताना हिराजीभाऊ असे खुलायचे की ते सरदारजी जणू त्यांचे व्याही.

मी त्यांच्या तावडीत कशी सापडले तेही असंच; तेव्हा मी ग्रुपवर नवीन होते, काकांकडच्या रविवारी अजून गेले नव्हते. एका चैत्रातल्या दुपारी पनवेलच्या एसटी स्टँडवर पेणच्या गाडीची वाट बघत होते. एक अनोळखी गृहस्थ समोर येऊन म्हणाले, “ताई, वर बघता का जरा?” मला वाटलं, झालं, आता पाकीट जाणार. पर्स छातीशी धरून वर पाहिलं तर सूर्याभोवती भलं मोठं गोल खळं पडलेलं. रांगेतल्या वीसएक माणसांना पत्ता नव्हता. “दिसलं?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. “काय दिसलं ते बोला.” आली का पंचाईत! मी वर्गात प्रश्न विचारणारी, मला कुणी विचारत नाही. मी सांगितलं: गोल आहे, आतल्या कडेला तांबूस, आतलं आभाळ बाहेरच्यापेक्षा गडद. “बराबर,” ते म्हणाले आणि खिशातून कागद-पेन काढलं. ‘सोबत पाहणारा’ हे शब्द वाचले आणि मी किंचाळलेच, “अहो, तुम्ही मोकल का? बाईंच्या ग्रुपवरचे?” पेणची गाडी त्या गडबडीत निघून गेली.

तेव्हापासून मी त्यांची हक्काची साक्षीदार झाले. शाळा सुटायच्या वेळी गेटवर छत्री दिसली की शिपाई हसून सांगायचा, “बाई, तुमचं नवल आलंय.”

आता कावळ्याचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कळंबोलीला लोखंडाच्या गुंडाळ्या रचलेल्या असतात, तिथे हिराजीभाऊंना पांढरा कावळा दिसला. अख्खा पांढरा, चोच गुलाबी. तीन दिवस ते एकटेच पाहत होते, चौथ्या दिवशी मला घेऊन गेले. रखरखीत ऊन, ट्रकचे भोंगे, डिझेलचा धूर, माझं डोकं ठणकायला लागलेलं. “तो बघा, तो बघा!” म्हणून त्यांनी छत्री रोखली. एका गुंडाळीमागे काहीतरी पांढरं हललं आणि गेलं. कावळा असेल, बगळा असेल, प्लास्टिकची पिशवीसुद्धा असेल. “दिसला?” त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी म्हटलं, “हो, दिसला की.” या वेळी त्यांनी काय दिसलं ते विचारलं नाही. रविवारी शिंत्रे काकांकडे मी सहीसुद्धा ठोकली. काय बिघडलं, असं मला वाटलं.

काकांकडून परतताना रिक्षात मी सहज बोलून गेले की त्या कावळ्याचे पाय तरी काळे होते का हो? हिराजीभाऊ म्हणाले, “ताई, तो गुंडाळीवर समोर बसला व्हता. पाय तर तेवढे दिसत व्हते.” मी वरमले. काहीतरी सारवासारव केली. त्यांनी रिक्षा थांबवली, उतरले आणि उलट चालत शिंत्रे काकांकडे गेले. दुसऱ्या दिवशी एक वाजता ग्रुपवर आवाज आला: “ऐका. पांढऱ्या कावल्याची बातमी रद्द. सोबत पाहनारा नव्हता.” माझं नाव घेतलं नाही. त्यानं तर मला जास्तच लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी करंजाड्याला माफी मागायला गेले. ते रागावले नव्हते, पण हसलेही नाहीत. “तुमची सही मंजे काटा, ताई. एक पावती खोटी फाडली का मागच्या सगल्या खोट्या. मना तुमची सही लागनार हाय. तवा काटा बराबर पायजे.” आणि मग त्यांनी कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले दोन कागद काढले.

एक होतं पत्र. वहीच्या पानावर, हिराजीभाऊंच्या तरुणपणीच्या अक्षरात, त्यांच्या आईनं सांगितलेलं. मजकूर चारच ओळींचा: आषाढाच्या आवणीला, भाताची रोपं लावताना, जुलै संपता संपता, भर पावसाळ्यात ऊन पडलं, तेव्हा बांधावर रोवलेल्या काठीची सावली काठीतच गेली. माझीही गेली. मी एकटी होते. खाली ‘पाहणारी, सोनूबाई मोकल’ आणि निळ्या शाईचा अंगठा. दुसऱ्या सहीची जागा रिकामी. दुसरा कागद म्हणजे पत्र परत पाठवताना बाईंनी सोबत जोडलेलं पोस्टकार्ड: सोनूबाई, तुमचं नवल फार सुंदर आहे. दुसरी सही मिळाली की लगेच वाचीन. वाट पाहते.

सावली नाहीशी होणं हे माझ्या विषयातलं, त्यामुळे मी सरसावून बसले. आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य थेट डोक्यावर येतो, एकदा मेच्या मध्याला, एकदा जुलैअखेर. मेमधलं कुणीही बघतं; मिठागरावरच्या बायकांना तर ते पाठच असतं. जुलैतलं मात्र कोकणात कुणाला दिसत नाही, कारण आभाळ भरलेलं. नेमक्या त्या दोन-तीन दिवसांत, नेमक्या त्या मिनिटाला ढग फाटायला हवेत. “हेच, हेच!” हिराजीभाऊ म्हणाले. “गावाला ती सांगत सुटली, तर बोलले, म्हातारी भिजून भिजून येडी झाली. मरेपरयंत बोलले. पुढच्या आवनीला मी सुट्टी काढून गेलो, तर पाऊस. त्याच्या पुढच्याला आयच नव्हती.”

तर हे असं होतं. दुसरी सही मिळवायची, आईचं नाव बाईंच्या तोंडून निघालेलं ऐकायचं, आणि तेही बाई आहेत तोवर. बाकी सगळी खळी, इंद्रधनुष्यं आणि कावळे या एका गोष्टीची तालीम होती, असं मला त्या दिवशी वाटलं.

मी म्हटलं, “वेळेची काळजी करू नका, ते माझ्यावर सोपवा. बारा पस्तीस.” मेच्या सुट्टीत मुलांना शाळेच्या गच्चीवर बोलावून दाखवते ना मी दर वर्षी, मला तोंडपाठ.

“आय बोलायची, भाकरी खाऊन झाल्यावर.”

“अहो, ते अंदाज असतात जुन्या माणसांचे.”

“बराबर,” ते म्हणाले. शिकलेल्या माणसाचं ऐकायची त्यांना सवय होती, आणि शिकलेलं माणूस म्हणजे मी!

सहा वर्षं दर जुलैअखेर आम्ही उभे राहिलो. सोनूबाईंचं शेत विमानतळाच्या भरावाखाली गेलेलं, म्हणून उलव्याच्या अलीकडे भिंतीबाहेर खाडीकडे उरलेला बांधाचा एक तुकडा त्यांनी शोधला होता. पलीकडे आईची जमीन, अलीकडे आम्ही. छत्री ते उलटी चिखलात रोवायचे, गवंड्याचा ओळंबा लावून सरळ आहे ना ते तपासायचे, आणि आम्ही दोघं बारा पस्तीसला वर बघत उभे. वर काय असणार, काळं कांबळं. बारा चाळीसला मी म्हणायची, “चला.” ते छत्री उपटून धुवायचे. एकदा तर धो धो पावसात, छत्री जमिनीत आणि आम्ही दोघं चिंब. रस्त्यानं जाणारे डंपरवाले थांबून बघायचे. त्यांना आम्ही काय वाटत असू देव जाणे.

सातव्या वर्षी ऊन पडलं.

खरंच पडलं! बारा बत्तीसला ढग बाजूला झाले आणि चिखल चकाकायला लागला. आम्ही दोघं छत्रीशी उकिडवे बसलो. घड्याळात बारा पस्तीस. सावली होती. लहानशी, दोन बोटांची, पण होती. मी वाकून वाकून पाहिलं. हिराजीभाऊ सावलीकडे बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. “बोला, ताई.”

हो म्हणायला कितीसा वेळ लागतो? दोनच बोटं होती. पण मला कावळा आठवला. “आहे,” मी म्हटलं. “दोन बोटं आहे.”

“हाय खरी,” ते म्हणाले. तेवढ्यात ढग परत मिटले. मी आपली बडबडत राहिले, दिवस एखादा इकडेतिकडे झाला असेल, उद्या बघू, परवा बघू. ते नुसते हं हं करत होते. मला दीडला पालकसभा होती, रिक्षा थांबवून ठेवलेली. “तुम्ही येताय?” मी विचारलं. म्हणाले, “तुमी जा. मी भाकरी आनलीय, ती खातो आनि येतो.”

रिक्षा गव्हाण फाट्याच्या अलीकडे डंपरांच्या रांगेत अडकली होती तेव्हा पुन्हा ऊन पडलं. लख्ख, डोळे दिपवणारं. मी पदर कपाळावर ओढून टपाखाली आत सरकले. फोन वाजला, हिराजीभाऊंचा. भोंग्यांत काही ऐकू येईना, मी कट केला. शाळेत पोचून करू, म्हटलं. शाळेत पोचल्यावर पालक, आणि पालकांनंतर मी विसरले.

संध्याकाळी मीच फोन लावला. त्यांचा आवाज एकदम शांत होता. “ताई, तुमी गेल्यावर ऊन पडलं व्हतं ना? तुमच्याकडं पन?”

“पडलं होतं की.”

“खाली बघितलंत?”

“खाली म्हणजे?”

“सावली गेली व्हती. छत्रीची. माझी पन. पायात बघितली, नव्हती. तुमाला फोन केला तो त्याच्यासाठीच.”

मग ते म्हणाले, “असो. आयेसारखंच झालं,” आणि फोन ठेवला.

माझा पहिला विचार काय होता सांगू? की म्हाताऱ्याला भास झाला. बारा पस्तीसची गोष्ट पाऊणला कशी होईल? चार दिवस मी हेच धरून बसले. पाचव्या दिवशी वर्गात पृथ्वीच्या भ्रमणाचा धडा शिकवताना फळ्यावर अंडाकृती कक्षा काढली आणि खडू हातातच राहिला. सूर्य काही रोज घड्याळातल्या एकाच वेळी माथ्यावर येत नाही. काही महिन्यांत पुढे, काही महिन्यांत मागे. बीएडला असताना पाठ केलं होतं मी हे! मधल्या सुट्टीत हिशेब केला. मेमध्ये बारा पस्तीस, बरोबर. जुलैअखेरीस बारा पंचेचाळीस. फोन उघडून पाहिलं. हिराजीभाऊंचा कट केलेला कॉल, वेळ बारा सेहेचाळीस.

सहा वर्षं मी त्या माणसाला पाच मिनिटं आधी घरी पाठवत होते. आणि ज्या मिनिटाला सावली गेली, त्या मिनिटाला मी, भूगोलाची बाई, पदर ओढून रिक्षाच्या टपाखाली बसले होते. रिक्षाशेजारून एक बाई डोक्यावर पाटी घेऊन चालत गेली होती, ती मला लख्ख आठवते. हिरवं लुगडं, पाटीत कोळंबी. तिच्या पायाशी सावली होती का? मी आजही रोज डोळे मिटून बघते. कधी दिसते, कधी दिसत नाही. मी पाहिलं होतं की नव्हतं, हे माझं मलाच कळत नाही.

कबुली द्यायला करंजाड्याला गेले तेव्हा रडू आवरेना. म्हटलं, “हिराजीभाऊ, मी सही करते. तुम्ही पाहिलंत हे मला आता पक्कं माहीत आहे.”

“माहीत असनं आनि बघनं येगलं,” ते म्हणाले. मग दहा मिनिटांचं माझं गणित त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा मी सुरू केलं तर हात वर करून थांबवलं. चेहऱ्यावर हळूहळू हसू यायला लागलं होतं. “मंजे भाकरी खाऊन झाल्यावर. आय बराबर व्हती.”

“बरोबर होती.”

“मंग तुमची सही कशाला?” त्यांनी आईचं पत्र टेबलावर पसरलं, खिशाचं पेन काढलं आणि अंगठ्याखालच्या रिकाम्या जागेत, इतक्या वर्षांनी, सावकाश सही केली. “तिनं बघितलं. मी बघितलं. झाले ना दोन?”

हे चालतं का? मला ठरवता येईना. शिंत्रे काकांना अजिबात चालेना. “सोबत पाहणारा म्हणजे सोबत, मोकल! एकाच वेळी, एकाच ठिकाणी!” ग्रुपवर आठवडाभर साध्या बातम्या बंद पडून हाच काथ्याकूट. कुणी म्हणे नियम म्हणजे नियम. कुणी म्हणे तोच दिवस, तेच मिनिट, तीच खाडी, आणखी काय हवं? मी सकाळी एका बाजूनं असायची, संध्याकाळी दुसऱ्या. हिराजीभाऊ मात्र एका शब्दानं वादात पडले नाहीत. शेवटी काका म्हणाले, नियम ज्यांचा त्यांनाच विचारू, आणि पत्र रजिस्टरनं पुण्याला गेलं.

दोन महिने काही नाही. भाचीनं कळवलं, बाईंना आता वाचलेलं समजेनासं झालंय, आशा धरू नका. हिराजीभाऊ रोज एकला बोलतच होते. “साधी बातमी. पोस्टमन आला व्हता. शेजाऱ्याकडं.”

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही काकांकडे बसलो असताना भाचीकडून आवाजाची फीत आली. काकांनी फोन टीपॉयवर ठेवला. आधी भाची म्हणत होती, “मावशी, हे पत्र सकाळपासून हातात धरून बसलीयस, दे ना.” आणि मग बाई. अहो, तोच आवाज! कापरा झालेला, पण तोच, आमच्या स्वयंपाकघरात यायचा तो. त्यांनी पत्र पहिल्या शब्दापासून वाचलं. आवणी, ऊन, बांधावरची काठी. कुठे अडखळल्या नाहीत. शेवटी थांबल्या, आणि स्वच्छ म्हणाल्या, “पाहणारी, सोनूबाई मोकल. सोबत पाहणारा, तिचा मुलगा हिराजी. श्रोतेहो, हे आजचं नवल.”

शिंत्रे काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. हिराजीभाऊ खुर्चीच्या टोकावर बसले होते, दोन्ही हात छत्रीच्या मुठीवर. म्हणाले, “परत लावा.” परत लावलं. मग काकांना म्हणाले, “लिवा. नवल. माझ्या आयेचं नाव बाईंनी वाचलं. पाहनारा, हिराजी मोकल.” काकांनी निमूट लिहिलं. हिराजीभाऊंनी सही केली, कागद माझ्याकडे सरकवला आणि पेन पुढे धरलं.

“ताई, आयकलंत ना? सगलं?”

“ऐकलं.”

“काय आयकलं ते बोला.”

त्यानंतरच्या रविवारी कधी मी नव्हते, कधी ते; त्यांना भेटायचा योग आला नाही. फेब्रुवारीत ते झोपेतच गेले. म्हणून माझ्या डोळ्यांपुढे राहिलेत ते असेच, पेन पुढे धरून माझ्या तोंडाकडे बघणारे. मी शब्दन् शब्द म्हणून दाखवला. आवणी, ऊन, काठी, सोनूबाई, तिचा मुलगा हिराजी. चुकले कुठे नाही. मग ‘सोबत पाहणारा’ या शब्दांपुढे मी सही केली. त्यांनी कागद उचलून डोळ्यांजवळ नेला, माझी सही नीट पाहिली.

“बराबर,” ते म्हणाले.